कनेक्शन टेलरबाईंचं

टेलरबाईंच्या हातात कात्री असली की भलेभले गप्प बसायचे. आज मात्र हातात पोलीस साहेबांचं पेन होतं आणि पुढ्यात कोरा कागद.

शाळेतल्या एका शिक्षिकेबद्दल कुणीतरी खोट्या नावाने इंटरनेटवर गलिच्छ मजकूर टाकला होता. तो टेलरबाईंच्या दुकानातल्या वायफायवरून गेल्याचं निघालं. झालं! साहेब हवालदाराला घेऊन थेट दुकानात.

"कनेक्शन तुमचं. तुम्ही नाही, तर घरातलंच कुणीतरी. नाव लिहा, नाहीतर तुम्हीच चला."

"साहेब, नळ माझा, म्हणून त्याचं पाणी पिणारा प्रत्येकजण माझ्या घरचा का?"

"ते कोर्टात सांगा."

घर कुणाच्या नावावर आहे यावरून आत कोण शिरलं ते कळत नाही. इतकी साधी गोष्ट! पण वर्दीपुढे ती ठासून सांगायला छाती लागते, आणि बाईंची छाती नेमकी धडधडत होती. कारण कोपऱ्यात धाकटा दीर शर्टाला काजं करत बसला होता. त्याच शिक्षिकेने त्याला लग्नाला नकार दिला होता. तेव्हापासून तो जेवतानाही फोनमधून डोकं वर काढत नव्हता.

याने तर नसेल?

पेन कागदावर टेकलं. दिराच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं.

"वहिनी?" दीर म्हणाला. एवढंच.

पेन थांबलं. तेवढ्यात हवालदाराच्या खिशातून टिंगटिंग सुरू झालं. एकामागून एक मेसेज.

साहेब वैतागले. "तुझा फोन कसा वाजतोय? इथे तर काडीची रेंज नाही!"

"ते... आपोआप लागतं, साहेब." हवालदार ओशाळला. "मागे पँट सैल करायला आलो होतो, तेव्हा घेतला होता पासवर्ड." त्याने गिऱ्हाइकांच्या बाकामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

तिथे काचेच्या फ्रेममध्ये लाल कापडावर साखळीटाक्याने पासवर्ड भरला होता. थांबलेल्या गिऱ्हाइकांनी तो विचारून डोकं खाऊ नये म्हणून. लोक पासवर्ड लपवतात. बाईंनी त्याच्याभोवती वेलबुट्टी काढली होती!

बाईंना कंठ फुटला. "मग या हवालदारांचंच नाव लिहू का, साहेब?"

"याचं कशाला?"

"का बरं? कनेक्शन तर तेच आहे!"

साहेबांनी जवळ जाऊन फ्रेम वाचली. मग हवालदारावर खेकसले, "बघतोस काय? फोटो काढ! इथे कोण कोण येऊन बसतं, त्याची चौकशी लाव." जाताना बाईंना म्हणाले, "बोलावलं तर यावं लागेल."

दोघे गेले. बाईंनी कागदाचे कपटे केले, पण दिराने पाहायचं ते पाहिलं होतं. त्याने फोन उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"बघा, वहिनी. सगळं बघून घ्या."

बाईंनी हात लावला नाही. उठून फ्रेम उतरवली, कापड मांडीवर घेतलं आणि कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवायला लागल्या.

"आता उसवून काय होणार?" दीर म्हणाला.

बाईंनी पुढच्या अक्षराला कात्री लावली.