साहेबांनी मला सोडलं

मला नोकरीवरून काढलं, त्या दिवशी मी साहेबांचे तीनदा आभार मानले. तिसऱ्यांदा तर त्यांचा हात हातात घेऊन!

अंबडच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळत होतो. नट-बोल्टपुरतं इंग्रजी मला यायचं. पण बंगळुरूहून नवे साहेब आले आणि त्यांच्या इंग्रजीत नट-बोल्ट सोडून सगळं असायचं. पहिल्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले, "फर्स्ट, लो हँगिंग फ्रूट!" दुसऱ्या दिवशी मी सटाण्याच्या आमच्या मळ्यातली पेटीभर डाळिंबं नेऊन टेबलावर ठेवली. (मुद्दाम खालच्या फांद्यांची!) 'सोपी कामं आधी उरकू', एवढाच त्याचा अर्थ होता, हे माझ्या जोडीदाराने, शिंदेने सांगितलं, तोवर पेटी अर्धी झाली होती.

मग सटाण्याहून आईचा फोन आला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंथरूण धरलं होतं. मी सुट्टीचा अर्ज दिला. तासाभरात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चेहरा उतरलेला. म्हणाले, "आय ॲम सॉरी. वी हॅव टू लेट यू गो."

"थँक यू सर!" मी म्हणालो. जायला सांगतायत, अजून काय हवं?

"इट्स नॉट पर्सनल," ते म्हणाले.

म्हणजे पर्सनल रजेतून कापणारही नाहीत! पुन्हा थँक यू. पत्र मेलवर येईल म्हणाले. (मेल उघडायची सवय कुणाला?) मी हात पुढे केला, तर साहेबांचे डोळे भरून आलेले. माझ्या अण्णांसाठी!

गेटवर वॉचमनने आयकार्ड मागून घेतलं. मी दिलं. गर्दीच्या एसटीत हरवायला नको!

अण्णा खाटेवर होते. मला बघून उठून बसायला लागले. "कामावरून कसा आला रे?"

"साहेबांनी सोडलं. लागतील तितके दिवस राहा म्हणाले." (हे शेवटचं वाक्य माझ्या पदरचं.)

"तुना साहेब देवमाणूस शे," अण्णा म्हणाले. भेटायला येईल त्याला हेच सांगायचे. चौथ्या दिवशी हट्टच धरला, साहेबांना फोन लाव. लावला. अण्णांनी ठेवणीतलं हिंदी काढलं, "साब, आपने मेरे लडके को छोड दिया, बहुत मेहरबानी!"

पलीकडून साहेबांचा बारीक आवाज आला, "बाबा, माफ करना," आणि फोन कट.

"बघ, केवढा नम्र!" अण्णा म्हणाले.

मी त्यांचे पाय चेपले, दाढी केली, पेपर वाचून दाखवला. लहानपणानंतर इतके दिवस आम्ही एकत्र नव्हतो. दहाव्या दिवशी सकाळी चहाचा एक घोट घेऊन ते गेले.

सगळे विधी उरकून मी अंबडला परतलो. वॉचमन आत सोडेना. शेवटी शिंदे बाहेर आला. माझं मुंडण बघून आधी गळ्यात पडला, मग हळूच म्हणाला, "अरे, तुला काढलंय. लेट यू गो म्हणजे काढून टाकलं."

"पण ते जा म्हणाले!"

"हो रे बाबा. जाच म्हणाले!"

गेटसमोर उभं राहून मी आधी हसलो. मग रडलो, ते नोकरीसाठी की अण्णांसाठी, मला अजून सांगता येत नाही.

आईला कसं सांगायचं म्हणून दोन दिवस फोन टाळला. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. ती माहेरची निफाडकडची, बोलायला रोखठोक. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार.

"बरं झालं तुला कळलं नाय ते," ती म्हणाली. "कळलं असतं तर तिकडंच काम हुडकत फिरला असतास. इथं त्यांच्यापाशी कोण बसलं असतं?"

माझ्या इंग्रजीचं एवढं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं.