साडूंचा कान

जगात असं एकही काम नाही, जे आमच्या साडूंना येत नाही. आणि असं एकही काम नाही, जे ते समोर असताना मला येतं. हे मी रागानं म्हणत नाही, अनुभवानं म्हणतो. दुष्काळाच्या त्या सालातला मे महिनाच घ्या. घरात इंटरनेट घेऊन चार महिने झाले होते आणि राउटर नावाची ती डबी हाताला चटका बसेल इतकी तापायची. तापलेली वस्तू गार कशी करायची, हे आमच्या मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. माठाला गुंडाळतात तसं एक ओलं फडकं पिळून मी तिच्याभोवती गुंडाळलं आणि स्वतःवर खूष होऊन खुर्चीत बसलो. डबीवरचे हिरवे दिवे एकेक करून विझले. नेमके त्याच वेळी साडू दारात. त्यांनी चपला काढल्या, डबीकडं पाहिलं, फडक्याला बोट लावलं आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "पाव्हणं, आत वाळा टाकलाय का नुसतंच पाणी?"

हसली ती माझी बायको. साडू हसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी डबी हळूच सोडवली, पुसली, दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला सांगितली, आणि ती जगली. ती जगली याचंही मला थोडं वाईटच वाटलं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सिल्लोडकडचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, यांनी जन्मभर पाणी राखलं. शहराच्या पाणीपुरवठ्यात ते व्हॉल्वमन होते. म्हणजे छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी घेऊन हिंडायचं, रस्त्यातली झाकणं उघडायची, एका गल्लीचं पाणी बंद करायचं आणि दुसरीचं सोडायचं. चावीचं एक टोक पाइपवर आणि दुसरं उजव्या कानाला लावलं, की जमिनीखाली पाणी कुठवर आलंय, कुठं गळतंय आणि कोण मोटार लावून चोरून ओढतंय, हे सगळं त्यांना ऐकू यायचं. निवृत्त झाले तेव्हा चावी खात्यात जमा झाली, कान मात्र त्यांच्याकडंच राहिला. तो ते कशालाही लावतात. स्कूटरला लावतात, भिंतीला लावतात, कलिंगडाला तर लावतातच. आमच्या जुन्या फ्रिजला कान लावून ते म्हणाले होते, "गुरुवारपतुर चालंल." फ्रिज बुधवारी बंद पडला. घरात सगळे हळहळले. साडू एका दिवसानं चुकले म्हणून मी एकटाच आनंदात होतो.

त्यांच्या मते या जगात पाणी सोडून दुसरं काहीच नाही. पोट बिघडलं की ते सांगतात, "वरचा व्हॉल्व बंद ठेवा, खालचा आपोआप जागेवर येतो." एकदा गुलमंडीत आम्ही दोघं गर्दीत अडकलो. पुढं रिक्षा, मागं रिक्षा, मध्ये आम्ही आणि सगळ्यांचे हॉर्न. साडू दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "म्होरं एअर धरलीय, नळात हवा अडकती तशी." मग गर्दीतून वाट काढत गेले आणि कोपऱ्यावरची केळ्यांची एक हातगाडी हातभर मागं सारून आले. सगळा रस्ता मोरीतल्या पाण्यासारखा सळसळत रिकामा झाला. केळेवाल्यानं त्यांना दोन केळी दिली. त्यातलं एक त्यांनी मला दिलं. ते मी खाल्लं, पण मला ते गोड लागलं नाही.

दुष्काळात तर विचारू नका. पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं आणि कधी येणार हे कळायला लोकांकडं एकच मार्ग होता: आमचे साडू. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं बाकी होती, आणि बायका त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठून गरम धपाटे नि दही द्यायच्या. आमच्या घरातही तेच. नळ गळला, "दाजींना विचारू." मिक्सर अडला, "दाजींना विचारू." मला ताप आला तेव्हा डॉक्टरच्या आधी दाजी आले, माझ्या छातीला कान लावला आणि बायकोला म्हणाले, "प्रेशर ठीक हाये." ती लगेच निर्धास्त झाली. पुढं डॉक्टरांनी जे सांगितलं त्याकडं तिचं लक्षही नव्हतं.

माझ्या मालकीचं असं एकच खातं उरलं होतं, ते म्हणजे नेट. मी शाळेत हेडक्लार्क. संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला, त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलेलं. आणि दुष्काळानंतर दोन वर्षांनी, साडू निवृत्त झाले त्या साली, या खात्यावर फार मोठी जबाबदारी येऊन पडली. लग्न झालं तेव्हा बायकोचं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. पंचवीस वर्षांनी तिनं ते पुन्हा धरलं, इतिहास घेऊन, घरबसल्या. संध्याकाळी सातला भाकरी झाल्या की ती हात पुसून संगणकासमोर बसायची आणि त्या दिवसाचा धडा उघडायची. म्हणजे उघडायला घ्यायची. पडद्यावर एक गोल फिरत राहायचा. आधी नुसता पांढरा कागद, मग अर्धं शीर्षक, मग चित्राची रिकामी चौकट. मी शेजारी स्टूल घेऊन बसायचो, तज्ज्ञासारखा माउसवर हात ठेवून, आणि पान येईपर्यंत आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडायचो. कधी कधी शेंगा संपायच्या आणि पान यायचं नाही. एकदा ती तशीच उठली आणि म्हणाली, "यंदा राहिलं तर मी पुन्हा नाही धरणार." आवाज चढवला नाही, काही नाही. मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं, हे काम मीच करणार. यावेळी दाजी नाहीत.

मग मी जे जे केलं ते सांगतो. डबी बंद करून पुन्हा चालू केली. दिवसातून पाच वेळा, देवाला पाणी घालावं तशी. शेजारी आमचं नेट वापरतात असा मला संशय आला म्हणून पासवर्ड बदलला, तो इतका अवघड ठेवला की दुसऱ्या दिवशी मलाच आत जाता येईना. नेटच्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "सर, डबीची वायर काढून थेट कम्प्युटरला लावा आणि बघा." वायर जिथं घरात येते तिथं संगणकच उचलून नेला आणि लावली. पान झटक्यात उघडलं. "म्हणजे आमच्याकडून पुरवठा बरोबर आहे, सर. अडचण घरात आहे." अडचण घरात आहे, हे मी घरात सांगितलं नाही. पण संगणकाच्या टेबलापर्यंत पोचेल एवढी लांब वायर माझ्याकडं नव्हती, आणि हवेतून येणारं नेट काही ऐकत नव्हतं. गंमत म्हणजे ते रोजच रुसायचं असंही नाही. तीन-चार दिवस मरगळलेलं, मग दोन-तीन दिवस एकदम ताजंतवानं. मी वारांवर संशय घेतला, ढगांवर घेतला, ते ढग आमच्याकडं नव्हतेच. शेवटी संगणक साफ करायचा म्हणून त्यात साठलेलं सगळं पुसून टाकलं. त्यात बायकोनं महिनाभर जपून लावलेल्या धड्यांच्या खुणाही गेल्या. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "दाजी, उद्या येता का?"

दाजी आले. माझ्या स्टुलावर बसले. डबी मी मधल्या खोलीत ठेवली होती, भिंतीतून वायर जिथं आत येते त्या कोपऱ्यात, खाली, पाण्याच्या ड्रमांमागं. ती जागा मी फार विचार करून निवडली होती, कारण घरातला तेवढाच कोपरा गार असायचा. साडू ड्रमांवरून वाकले, डबीला कान लावला आणि परत येऊन म्हणाले, "मुकी हाये." मग बायकोनं धडा उघडायला घेतला, गोल फिरू लागला, आणि त्या गोलाकडं बघत साडूंनी तिला विचारलं, "काय वाचतीस गं, मंगल?"

"शहराखालच्या जुन्या नहरी, दाजी. मातीच्या नळातून डोंगराचं पाणी शहरात कसं आणलं ते."

साडू स्टुलावरच सरसावले. "आगं, मी उतरलोय त्यात! खापराचे नळ, एकात एक बसवलेले. अजून वल हाये आत. ते पाणी वर कसं चढवलं, दिलंय का तुझ्या पुस्तकात?"

"दिलंय ना. मध्ये मध्ये मनोरे आहेत. थांबा, सांगते."

आणि माझी बायको सांगत सुटली. हात हलवून, पडद्यावर बोट टेकवून, मध्येच साडूंना प्रश्न विचारून आणि त्यांचं उत्तर वहीत उतरवून घेत. अर्धा तास. पान उघडलंच नव्हतं, तरी ती वाचत असल्यासारखी बोलत होती. मी दाराशी उभा. कित्येक महिने मी तिच्या शेजारी बसलो होतो, त्या पानावर काय येणार आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. फ्रिज, केळी, धपाटे, या सगळ्याचा हेवा मी पचवला होता. हा काही पचेना.

मग साडू कामाकडं वळले. "नेट रोज मरतं का मधून मधून?"

"मधून मधून. मी लिहून ठेवलंय." तिनं वही उघडली. रोजच्या तारखेपुढं 'झालं' किंवा 'नाही'. हेही मला नवीनच.

साडूंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून वहीशेजारी ठेवलं आणि बोट फिरवू लागले. "पाव्हणं, ही निळी गोलं कशाची?"

"पाणी आलं त्या दिवसांची. मीच करतो."

"लई झाक करता. आता बघा. इथं गोल. हितनं पुढं हिचं नाही, नाही, नाही, नाही. मग झालं, झालं. परत गोल. परत नाही, नाही." ते उठले, मधल्या खोलीत गेले आणि ओळीनं उभे केलेले सहाही निळे ड्रम बोटाच्या सांध्यानं वाजवत, कान लावत गेले. "तोंडापतुर भरलेत. परवा आलं ना?"

"परवा."

"तुमचं पाणी आलं की नेट जातंय, पाव्हणं. पाणी सरलं की नेट येतंय."

मला हसू आलं. कोर्स केलेल्या माणसाचं हसू. मी म्हणालो, "साडूभाऊ, नेटचा आणि पाण्याचा काय संबंध? ते हवेतून येतं."

"व्हय ना," साडू म्हणाले, "पर त्याच्या म्होरं तुम्ही सहा ड्रमांचं धरण बांधलंय."

त्यांनी डबी उचलली, वायर पुरेल तितकी वर नेली आणि माळ्याच्या कडेला खिळ्यावर टांगली. बायकोनं धडा दाबला. पान पापणी लवायच्या आत आलं, मनोऱ्याच्या चित्रासकट. साडू म्हणाले, "कसं काय ते मला नाय ठाव. पर पाणी आडवं येत व्हतं एवढं खरं." ते आणि बायको चित्र बघत असताना मी माझ्या मोबाइलवर शोधलं, की नेटच्या लहरींना पाणी अडवतं हे साफ चूक आहे असं कुणी लिहिलंय का. उलटंच लिहिलं होतं. पाणी त्या लहरी पिऊन टाकतं. आणि हे पान इतक्या झटक्यात उघडलं, की मनात आशा धरायलाही वेळ मिळाला नाही.

अर्धा कप चहा घेऊन साडू निघाले. पूर्ण कप ते कधीच घेत नाहीत. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो, तेवढं तरी करणं भाग होतं. आमची वस्ती चिकलठाण्याच्या पलीकडं, नवी; नुकताच सिमेंटचा रस्ता झालेला, दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती. चालता चालता साडू थांबले आणि टाचेनं रस्ता ठोकून बघू लागले. दोन पावलं पुढं, पुन्हा ठोकलं. "हितं माझा व्हॉल्व व्हता. ह्या लाइनीचा शेवटचा. तवा घरं नव्हती हितं, नुसती बाभळ." ते वाकले. मला वाटलं आता रस्त्याला कान लावतात की काय. पण त्यांनी नुसता हात टेकवला आणि उठले. "झाकण आत गेलं. नवी लाइन कुठनं टाकली, मला नाय माहीत. पैलं दिवसभर फोन, पाणी कवा येणार म्हणून. रिटायर झालो, चार महिनं झाले, कुणी इचारत नाय. इचारलं तरी मी काय सांगणार?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मंगलनं बोलावलं, लई बरं वाटलं. तुम्हीबी करत जा फोन. काय बिघडलं नसलं तरी करा."

मी हो म्हणालो. ते गेले त्या दिशेला मी बराच वेळ बघत राहिलो. मनातला हेवा काही गेला नव्हता; पण आता तो नीट धरताही येईना.

घरी आलो तर बायको धडा वाचत होती. पान उघडलेलं, पुढचंही उघडलेलं. माझं आता तिथं काही कामच नव्हतं. दोन खोल्यांतून तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी राहवलं नाही म्हणून म्हणालो, "तुझ्या दाजींना जमलं बाई सगळं. आमचं आपलं उगाच."

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. स्टूल मात्र पायानं माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "दाजींचं काम झालं, ते घरी गेले. मला या नहरीच्या सनावळ्या पाठ होत नाहीत. शेंगा आणा, वही घ्या आणि एकेक विचारा मला."