दाविद मास्तरांची टकटक

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आलोय. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण हे एक प्रकरण आहे… त्यात भीतीपेक्षा लाजच जास्त, म्हणून इतकी वर्षं घरातसुद्धा बोललो नाही.

साल १९७२. मी देवळाली प्रवरेला राहायचो, जवळच्या साखर कारखान्यात क्लार्क होतो. शेजारच्या गल्लीत दाविद मास्तर राहत, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे एक जाड वही होती. जुन्या उस्तादांचे बुद्धिबळाचे डाव त्यांनी स्वतः त्यात उतरवलेले, आणि त्या वर्षी पेपरात येणाऱ्या जगज्जेतेपदाच्या डावांची कात्रणंही चिकटवलेली. संध्याकाळी ते एखादा डाव मांडत, पुढची खेळी पोस्टकार्डानं झाकत आणि विचारत, "आता तू काय खेळशील?"

माझी खोड अस्सल गावची. पारावर आम्ही मोहरं हातात धरूनच विचार करायचो, नको वाटलं की परत ठेवायचो. स्पर्धेत हे चालत नाही, हात लावला की तेच मोहरं खेळावं लागतं. माझा हात पुढे गेला की मास्तर टेबलावर बोटानं दोनदा वाजवत. टक टक. "आधी डोळे, मग हात."

नगरला स्पर्धा ठरली तेव्हा मी वही घरी नेली. मी फायनलला पोचलो आणि इकडे मास्तर आजारी पडले. त्यांची बायको, शांताकाकू, माझ्या दारात आल्या.

"वही दे रे सुभाष. पडल्या पडल्या डाव तरी बघत्याल."

वही आत गादीखाली होती. फायनल चार दिवसांवर. मी म्हणालो, "काकू, मी तर कधीच परत दिली!"

धडधडीत खोटं. त्या तशाच माघारी गेल्या.

रविवारी दुपारी फायनल. समोरच्याचा उंट फुकट दिसला, माझा हात वजिराकडे गेला — आणि टेबलावर स्पष्ट आवाज आला. टक टक. समोरचा चिडून म्हणाला, "अहो, वाजवू नका." माझे दोन्ही हात हवेत! मग दिसलं… वजीर हलला असता तर त्याच्या हत्तीनं मला मात दिली असती. वहीतला हाच सापळा मास्तरांनी तीनदा मांडला होता. मी एक प्यादं सरकवलं आणि जिंकलो.

सोमवारी सकाळी वही पिशवीत घालून गेलो, तर अंगणात माणसं जमलेली. मास्तर आदल्या संध्याकाळी गेले होते.

"काल दुपारी खाटेच्या लाकडावर दोनदा वाजवलं," काकू म्हणाल्या, "अन् म्हनले, 'आधी डोळे, सुभाष.' मंग झोपले ते उठलेच न्हाईत. वही तुझ्याकडंच हाय हे त्यास्नी ठावं हुतं. 'परत मागू नको,' म्हनले, 'त्याचा डाव हाय.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनी पदरानं डोळे पुसले. "पेटीत त्यांच्यासंगं ठिवायची हुती रे. बघ, सापडली तर."

सगळ्यांदेखत खोटारडा ठरायची हिंमत झाली नाही. पिशवी छातीशी धरून मी म्हणालो, "बघतो, काकू."

पेटी वहीशिवाय कबरस्तानात गेली.

देवळालीहून नगरला तो आवाज कसा पोचला, मला आजही सांगता येत नाही. वही अजून माझ्याकडे आहे. मी डाव मांडतो, पुढची खेळी झाकतो, मुद्दाम चुकीच्या मोहऱ्याला हात लावतो आणि वाट बघतो. टेबल गप्प असतं.