कोनाड्यातला खडा

शिंगणापूरच्या वाटेवर गहिनीनाथभाऊंची रसवंती आहे. लाकडी चरक, त्याला जुंपलेला एक बैल आणि बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ. गाडीतल्या माणसाला आधी घुंगरं ऐकू येतात, तहान मागून लागते. सव्वीस वर्षं भाऊ वाटेवरच्यांना रस पाजताहेत, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतः चरकावर पाण्याचा घोट घेतलेला नाही.

त्याचं कारण नेम. त्यांचे वडील सोपानबाबा मोठे भाविक. शनी अमावस्येला पायी येणाऱ्याला रस फुकट पाजायचा, आणि वाटेवरच्या शेवटच्या माणसाचा घसा ओला होईस्तोवर आपला कोरडा ठेवायचा, असा त्यांचा नेम. डोळे मिटताना लेकाकडून त्यांनी तेवढंच वचन घेतलं. नेम वर्षातून दोन-तीन दिवसांचा. भाऊंनी तो रोजचा करून टाकला. भक्ती चार पळ्या जास्त झाली म्हणून देव थोडाच रागावतो? देव नाहीच रागावला. मूत्रपिंड रागावलं.

एका सोमवारी चरकात ऊस सारता सारता भाऊंच्या डाव्या कुशीत कळ उठली. कुशीतून जांघेत, जांघेतून पार खाली. बसवेना, उभं राहवेना. भाऊ बैलाच्या मागोमाग चरकाभोवती फिरायला लागले. लातूरकडच्या एका भक्ताला वाटलं, ही इथली प्रदक्षिणाच असेल. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि तोही मागून निघाला.

समोर बिभीषणचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. तो धावत आला.

"काय झालं रं नाथा?"

"आत कोनीतरी विळा फिरवतंय!"

"आन् ह्यो मागचा कोन?"

"मला काय ठावं! आधी मला धर."

पाठोपाठ दोन ओकाऱ्या झाल्या. लघवीला गेले तर कुंकवाचं पाणी. मग भागिरथीबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि नवऱ्याला जीपमध्ये घालून नगर गाठलं.

डॉक्टर यशोधराताईंनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. "मुतखडा आहे. सहा मिलिमीटर. मूत्रपिंडातून सुटलाय आणि खाली नळीत अडकलाय. दिवसभरात पाणी किती पिता?"

"बैल सोडल्यावर तांब्याभर."

"आणि दिवसा?"

"दिवसा कसं? गिऱ्हाईक असतंय की."

"बैल किती पितो?"

"चार बादल्या."

"त्याला कधी मुतखडा झालाय?"

बैल आठ वर्षांचा होता आणि त्याची एक दिवसही तक्रार नव्हती.

ताईंनी नळी सैल पडायची गोळी दिली, दुखण्याची दिली. दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं आणि प्रत्येक लघवी गाळणीतून गाळायची. खडा सापडला की घेऊन यायचा. तो कशाचा बनलाय ते कळलं की पुढचं पथ्य ठरेल. तीन आठवड्यांत पडला नाही तर दुर्बीण घालून काढायचा. त्यांनी तारीखही लिहून दिली, शुक्रवारची.

भाऊंनी कॅलेंडरकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, दुसऱ्या दिशी शनी अमावस्या हाय. म्या चरकावर नसलो तर बाबांचा नेम मोडंल."

"मग शुक्रवारच्या आत मला खडा आणून दाखवा. ऑपरेशन रद्द."

म्हणजे नेम आता त्या सहा मिलिमीटरवर टांगला होता.

भागिरथीबाईंनी चरक स्वतःकडं घेतला आणि भाऊंना घरी बसवलं. चरकावर उभं राहिलं तर नेम. घरात नेमाचं काय काम? एक नवी गाळणी आणली, चहाच्या गाळणीत मिसळू नये म्हणून तिला लाल दोरा बांधला.

आता आमच्याकडच्या घरांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. चौकट असते, दार नसतं. देव राखण करतो, कडीकोयंडा कशाला? भाऊंच्या न्हाणीला नुसता गोणपाटाचा पडदा. येणाऱ्यानं अंगणात उभं राहून खाकरायचं, एवढाच रिवाज. तीन आठवडे भाऊ गाळणी घेऊन पडद्याआड आणि अंगणात पाच-सहा जण खाकरत उभे.

"पडला का?"

"न्हाई!"

"घाई करू नका, भाऊ. आमी हाय इथंच."

"तुमी हाय म्हनूनच पडंना!"

भाऊंची आई गोजरबाई. वय ऐंशीच्या पुढं, नजर अधू, उत्साह दांडगा. त्या रोज सकाळी सराट्याचा काढा करत. सराटा म्हणजे माळावरचं काटेरी फळ, तेच गोखरू. यशोधराताई म्हणाल्या होत्या, काढ्यानं खडा पडेल असं मी म्हणणार नाही, पाणी मात्र प्या. पण गोजरबाईंचा हात कुणी धरायचा? आल्या-गेल्याला कोरडं कसं पाठवायचं म्हणून अंगणात खाकरणाऱ्यांनाही त्या अर्धा-अर्धा कप देत.

मंगळवारी दुपारी पडद्याआड 'टुक' झालं.

अंगणातले सगळे पडद्याशी सरकले. मग आतून भाऊंचा आवाज आला, "पडला!" बायकांनी हात जोडले. बिभीषणनं जाऊन बैलाची घुंगरमाळ हलवली. गाळणीत ज्वारीच्या दाण्याएवढा, तपकिरी, अंगभर काटे असलेला खडा होता. भाऊंनी तो धुतला, डबीच्या झाकणात ठेवला आणि झाकण कोनाड्यात. गुरुवारी जीप नगरला जाणार, तेव्हा न्यायचा. संध्याकाळपर्यंत सारी वस्ती बघून गेली. "येवढासा?" असं जो तो म्हणाला, आणि भाऊंना जो तो शत्रू वाटला.

बुधवारी सकाळी बघतात तर झाकण रिकामं.

आता आली पंचाईत. खडा गेला असं म्हणावं, तर नेला कुणी? नेला म्हणावं तर ती चोरी. आणि आमच्याकडं चोरी झाली म्हणणं म्हणजे देवाला डुलकी लागली म्हणण्यासारखं. आबासाहेब हे वस्तीतले जाणते. त्यांनी लोक जमवले.

"चोरी झालेली न्हाई," ते म्हणाले.

"मग खडा कुठाय?" भाऊंनी विचारलं.

"खडा न्हाई, येवढंच झालंय."

"आन् समजा, कोनी नेला असंल तर?"

"तर देव त्याला बघून घिईल. आपन नुस्तं ध्यान ठिवायचं."

मग काय, सगळे एकमेकांवर ध्यान ठेवून बसले. दिवसभर वस्तीत कुणी शिंकलं नाही, कुणी लंगडलं नाही. एकीला ठेच लागली तर तिनं ती पदराखाली लपवली.

आणि गुरुवारी सकाळी बिभीषण आपल्या दुकानात डावी कूस धरून गडाबडा लोळायला लागला.

सगळे नुसते त्याच्याभोवती उभे राहिले. शेवटी आबासाहेब गुडघ्यावर बसले. "बिभीषणा, दिऊन टाक."

"काय दिऊ?"

"नाथाचा खडा."

"आवो, मी त्याचा मुतखडा घिऊन काय करू? अंगठीत बसवू?"

"त्ये तू सांग. कळ कुठं येती?"

"डाव्या कुशीत. हितनं खाली."

"हितनंच मलाबी येत हुती," भाऊ हळूच म्हणाले. त्यांना मित्राची दया येत होती, आणि शुक्रवार उद्यावर आला होता.

जीपमध्ये भाऊ, बिभीषण आणि साक्षीला आबासाहेब बसले. गोजरबाईही चढल्या, कारण त्यांना नाही कोण म्हणणार. यशोधराताईंनी बिभीषणची सोनोग्राफी केली. डाव्या नळीत मुतखडा. चार मिलिमीटर.

"सापडला!" आबासाहेब म्हणाले. "मुद्देमाल आतच हाय."

"पन माझा सहाचा हुता," भाऊ म्हणाले.

आता गोजरबाईंनी पदर सावरला. "गह्या, बुधवारी पहाटं कोनाड्यात एक सराटा सांडलेला हुता. वाया कशाला घालवायचा म्हनून म्या काढ्यात टाकला."

"आये!"

"काटं हुतं त्याला! मला काय ठावं?"

"कोन पेलं त्यो काढा?"

"तू झोपला हुतास. ह्यो बिभीषण आल्ता, त्यानंच पेला. दोन कप."

बिभीषण कळ विसरून ताठ बसला. आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बगा! उकळून दोन मिलिमीटर आटला!"

यशोधराताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ऐका. पोटात गेलेला खडा मूत्रपिंडात जात नाही. आणि असा खडा उकळून आटत नाही. बिभीषणरावांचा खडा त्यांचा स्वतःचा आहे, कित्येक महिने आत वाढलाय. बिभीषणराव, तुम्ही पाणी किती पिता?"

बिभीषण खाली बघू लागला. "दुकानात एकटाच असतो, ताई. पानी पेलं की सारखं उठाया लागतं. दुकान कोनावर सोडायचं?"

"तुमच्याकडं तर चोरी होत नाही ना?"

आबासाहेबांना अचानक खोकला आला.

मग ताईंनी बिभीषणलाही त्याच गोळ्या आणि तीन लिटर पाणी लिहून दिलं आणि भाऊंना टेबलावर झोपवलं. यंत्र पोटावरून फिरलं, भाऊंच्या ओठांवर देवाचं नाव फिरलं. नळी मोकळी होती, मूत्रपिंडाची सूज उतरली होती. "खडा हातात नसला तरी पडलाय हे दिसतंय. उद्याचं रद्द. पण चरकावर पुन्हा कोरडे उभे राहिलात, तर पुढचा खडा ठरलेला."

भाऊंचा आनंद जीपपर्यंतच टिकला. नेम वाचला होता, पण आता नेमच पुन्हा मारणार होता. अमावस्येला शेवटचा वाटसरू मध्यरात्रीपर्यंत येत असतो.

घरी सराट्याची गोष्ट ऐकल्याबरोबर भागिरथीबाई जास्वंदीच्या बुडाशी सासूबाईंनी टाकलेला काढ्याचा चोथा चिवडायला बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी वर न बघताच तळहात पुढं केला. त्यावर खडा होता, उकळून स्वच्छ झालेला, एक काटाही न मोडलेला. बिभीषणला त्यांनी हाक मारून दाखवला, तेव्हा कुठं तो पोटभर पाणी प्याला. खडा तपासायला गेला.

"खडा गावला," भाऊ म्हणाले, "पन परवा काय करू? पेलो तर बाबांचा शब्द जातो, न्हाई पेलो तर मी जातो."

"अहो, नेम काय हाय? वाटसरूला आधी."

"व्हय."

"मग तासातासाला रस्ता वलांडा आन् बिभीषणभावजींच्या दुकानी जा. तितं तुमी वाटसरू. त्येंनी तुमाला पानी पाजायचं. भावजी हिकडं आले की त्ये वाटसरू, तुमी पाजायचं. मामंजींनी वाटसरूला तहानलेलं ठिवा असं कुटं सांगितलंय?"

भाऊ तडक उठले आणि बिभीषणला सांगायला निघाले.

शनिवारी वाट माणसांनी फुलली. चरक पहाटेपासून फिरत होता. पहिला तास भरला तसे भाऊ खांद्यावर उपरणं टाकून वाटसरूसारखे रस्त्यात उतरले. तिकडून बिभीषणही त्याच वेळी निघाला होता. दोघांच्या हातात तांब्या. बरोबर मधोमध गाठ पडली.

"तू वाटसरू, तू आधी पी."

"मी कसा? तू माझ्याकडं आलाय."

"म्या तुझ्याकडं येतच हुतो, तू मधी आला."

"तू पेल्याबिगर मी घोट घेनार न्हाई!"

"आन् मीबी न्हाई!"

दोन्हीकडं गाड्या थांबल्या. हॉर्न वाजू लागले. चरकाशी भागिरथीबाईंनी कपाळाला हात लावला. बंदोबस्तावरचा हवालदार शिट्टी फुंकत आला, दोघांचं भांडण नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकमेकांच्या तोंडात वता, एकदमच. आन् लवकर, मागं बस खोळंबलीय."

दोघांनी माना वर केल्या.