म्हात्र्यांच्या चेहऱ्याचा पंचनामा

मी माझ्या मित्राच्या चेहऱ्याला ‘ग्रोटेस्क’, म्हणजे भेसूर, म्हणालो. तेही लेखी, त्यांच्यासमोर बसून, त्यांनीच दिलेल्या कागदावर. जयराम म्हात्रे गेले त्याला पाच आठवडे झाले, आणि त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसलो की आधी हाच शब्द पुढे येऊन उभा राहतो...

म्हात्रे पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झालेले. खांदा कॉलनीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मी बँकेतून सुटल्यापासून दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहितो. ओळख वाढल्यावर मी त्यांना माझी सर्वांत गाजलेली, म्हणजे माझ्या बायकोने शेवटपर्यंत वाचलेली, कथा दिली. नेऱ्याच्या एका फार्महाउसच्या विहिरीतून प्रेत वर येतं, तिथे मी लिहिलं होतं : ‘ते दृश्य मॅकाब्र होतं. चेहरा ग्रोटेस्क, हास्य बिझार.’ म्हात्र्यांनी नोकरीभर पंचनामे लिहिलेले, विहिरीतली प्रेतंही स्वतः बाहेर काढलेली. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, प्रेत पालथं की उताणं? मला माहीत नव्हतं. डोळे उघडे की मिटलेले, तेही माहीत नव्हतं.

"मग तुमी बघितलंच नाय," ते म्हणाले. "घाबरलात नि इंग्रजी बोललात."

हे इतकं खरं होतं की मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. ‘जबडा’ लिहिलं की जबडा दिसतो. ‘ग्रोटेस्क’ लिहिलं की जबडा दिसेनासा होतो आणि लेखक शिकलेला आहे एवढं दिसतं. दुर्गंधी आली की आपण नाकाला रुमाल लावतो, तसे हे शब्द. माझ्याकडे असे इस्त्रीचे डझनभर रुमाल होते.

मग म्हात्र्यांच्या डाव्या जबड्याचं ऑपरेशन झालं. कॅन्सर. घरी आले, पण घराबाहेर पडेनात. जेवणसुद्धा आतल्या खोलीत, दार लावून. पुण्याची नात, सात वर्षांची मुग्धा, सुट्टीत यायची होती. तिला आणू नको, असं त्यांनी मुलीला कळवलं. एका दुपारी मला बोलावलं, वहिनींना बाहेर बसायला सांगितलं, दाराला आतून कडी लावली आणि फुलस्केप कागद पुढे केला. शब्द अस्पष्ट यायचे, ओठ टिपत बोलायचे.

"आरशात मला मीच दिसतो. पोरीला काय दिसंल ते लिवा. वाचून ठरवतो, तिला आणायची का नाय."

खोली जेमतेम दहा बाय दहा. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये माझी खुर्ची, दाराकडे जायचं तर त्यांना ओलांडून जायला हवं. खिडकीला ग्रिल, ग्रिलवर त्यांचे धुतलेले रुमाल. मी पंखा पाहिला, कॅलेंडर पाहिलं, ग्रिलचे गज मोजले. म्हात्रे सोडून सगळं पाहिलं आणि लिहिलं, ‘चेहरा काहीसा ग्रोटेस्क.’ ‘काहीसा’ ही माझी माया. त्यांनी वाचलं, कागद परत दिला. रागावले असते तर मी सुटलो असतो... ते पलंगाच्या कडेला सरकले, माझ्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

"वरून सुरू करा. केस."

तासभर त्यांनी मला सोडलं नाही. केस, कपाळ, भुवया, मग खाली. मला मध्येच रडू आलं. त्यासाठी ते थांबले नाहीत. ‘डावा गाल आत गेलेला, लिंबू राहील एवढा खड्डा. ओठाचं डावं टोक खाली ओढलेलं, तिथून लाळ येते. हनुवटीपासून कानापर्यंत शिवण, रंग जांभळट. डोळे पूर्वीचेच, माणसाकडे नीट बघतात.’ शेवटचं वाक्य खोडा म्हणाले, पंचनाम्यात असलं बसत नाही. मी म्हणालो, दिसतंय ते लिहिलंय. त्या दुपारी त्यांचं न ऐकलेलं तेवढंच. त्यांनी कागद वाचून काढला. मग उठून कडी काढली आणि वहिनींना मुलीला फोन लावायला सांगितला. मुलीला म्हणाले, आई सांगते ते लिहून घे, मुग्धाला आधी वाचून दाखव, मग आण.

ती आली. दारातच उभं राहून तिने आजोबांना वरपासून खालपर्यंत तपासलं आणि विचारलं, लिंबू खरंच राहतं का. घरात लिंबू होतं. म्हात्र्यांनी मान कलती केली. राहिलं. त्या दिवसापासून ते बाहेर, सगळ्यांबरोबर जेवू लागले. शेवटचे चार महिने तसेच गेले, रुमाल मांडीवर घेऊन.

परवा वहिनींकडे गेलो. तो कागद आतल्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. ‘ग्रोटेस्क’वर काट, खाली पंच म्हणून माझी सही. मुग्धाही आली होती. मी म्हात्र्यांच्या आठवणी सांगत बसलो. चांगला रंगलो होतो, असं मला वाटत होतं. वहिनी तिला म्हणाल्या, आता या काकांचाही पंचनामा कर बघू. तिने माझ्याकडे पाहिलं. घाई न करता, वरून सुरुवात करून.

"डोक्यावर केस कमी, कानात जास्त," ती म्हणाली. "भीती नाही वाटत. कंटाळा येतो."