पी.पी. नंबर

खिल्लारे काकांना नुसतं नाव सांगून चालायचं नाही. रक्त द्यायला आलेला माणूस "गणेश" म्हणाला की त्यांचं पेन कार्डावर थांबायचं. "कोणता गणेश? हिंगोलीत खडा मारला तर चार गणेशांना लागंल. बापाचं नाव सांग, गाव सांग, अन् गावात कोणाच्या घरापाशी राहतो ते सांग." समोरचा चिडला तरी तीन गोष्टी मिळाल्याशिवाय ते कार्ड लिहीत नसत. "तकलीफ होते, ठाव हाय मला. पण तुझी गरज पडंल त्या दिवशी मी दुसऱ्याच गणेशाच्या दारात जाऊन उभा राहिलो, मग?"

हिंगोलीतल्या एका लहान रक्तपेढीत ते तंत्रज्ञ होते. मी तिथं लागलो दोन हजार दोन साली. माझे वडील मोंढ्यात हळदीची पोती वाहायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचो, आताही सांगतो. काकांनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं. "या ग्रॅज्युएट," म्हणाले, "बसा. खुर्चीचा एक पाय लंगडा हाय, डिग्रीच्या वजनानं मोडू नका."

काम होतं रक्तदात्यांची कार्डं संगणकात घालायचं. यंत्र जुनं, मोठा डेटाबेस त्याला पेलणारा नव्हता. म्हणून मी प्रोग्रॅमच्या पोटातच बसणारा एक छोटा डेटाबेस वापरला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा माल एका फाईलमध्ये. एक चावी द्यायची, तिच्याखाली माहिती ठेवायची. चावी पुन्हा दिली की माहिती परत मिळते. काकांना समजावलं तर ते लगेच म्हणाले, "म्हंजे खुंटी अन् पिशवी. एका खुंटीला एक पिशवी."

"बरोबर."

"खुंटी कशाची केली?"

नावं सारखी असतात हे त्यांनीच शिकवलेलं. म्हणून मी चावी म्हणून फोन नंबर घेतला. दोन माणसांचा नंबर एक कसा असेल? मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती.

बऱ्याच कार्डांवर नंबरापुढं काकांच्या हातचं "पी.पी." लिहिलेलं असे. म्हणजे फोन त्या माणसाचा नाही, शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा; तिथं करायचा आणि याला बोलावून घ्यायचं. चावीत आकडेच हवेत, म्हणून ती दोन अक्षरं मी गाळली. आमच्या स्वतःच्या गावात तेव्हा एकच फोन होता. याच नोकरीच्या अर्जावर मी माझा नंबर पी.पी. म्हणूनच लिहिला होता. तरी गाळली.

महिन्याभरात काम संपलं. कार्डांचे गठ्ठे बांधून मी रद्दीत दिले.

"मोजून घेतलं का?" काकांनी विचारलं.

"संगणक चुकत नाही, काका."

"मशीनचं कोण पुसून राहिलं? तू मोजलं का?"

मी मोजलं नव्हतं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास, एक माणूस दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला. बायको सेनगावकडून जीपमध्ये आणलेली, बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. फ्रीजमध्ये एकच होती. नांदेडहून आणायची तर जायला-यायला पाच तास. काकांनी एक पिशवी तपासून लगेच पाठवली आणि माझ्याकडं वळले. "काढ."

मी संगणकात शोधलं. दोन नावं आली. एक जण पुण्याला कामाला गेलेला. दुसऱ्यानं पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. नवरा दारात उभा होता. चपला हातात घेतलेल्या. बाहेर काढायला कोणी सांगितलं नव्हतं.

"बाळापूरचा मारोती कुठं हाय?" काका म्हणाले.

"संगणकात नाही."

"न्हाई कसा? म्या सोता सुई लावली त्याला."

"काका, नाही म्हणजे नाहीच."

"आखाडा बाळापूरचे सगळे काढ."

एकच नोंद आली. नाव वेगळं, रक्तगट बी पॉझिटिव्ह. काका पडद्याजवळ वाकले, नंबर बोटानं वाचला आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्यो तं किराणावाल्याचा. शिबिरात सात जणांनी ह्योच देला होता."

त्या डेटाबेसची रीत मला माहीत होती. चावी आधीच भरलेली असेल तर तो जुनं पुसून नवं ठेवतो, आणि चकार शब्द काढत नाही. "आधी काही असेल तर ठेवू नको, मला सांग," असं त्याला बजावता येतं. मी बजावलं नव्हतं. सहा माणसं मी एकामागून एक, माझ्या हातानं पुसली होती.

काकांनी फोन लावला. "शेठ, हिंगोलीवरून खिल्लारे. मारोती पायजे. न्हाई, तो टेलर न्हाई. गंगारामचा. पिठाच्या गिरणीपाशी राहतो तो. वावरात हाय? मंग मानूस पाठवा ना शेठ, मिरच्या मागून तोला. इथं एक बाई जाऊन राहिली."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. मारोती अजून सापडला नव्हता. पुन्हा दहा मिनिटांनी. नवऱ्यानं मला विचारलं, "साहेब, येऊन राहिला का तो?" मला कोणी साहेब म्हणायची ती पहिलीच वेळ. तिसऱ्या फोनला काका म्हणाले, "निघाला? कोणाच्या गाडीवर? बरं," आणि फोन ठेवून नवऱ्यासाठी चहा मागवला. तो त्यानं प्यायला नाही.

मारोती आला तेव्हा एक वाजून गेला होता. डोक्यात सोयाबीनचा भुसा तसाच. खाटेवर पडता पडता काकांना म्हणाला, "विळा शेठच्या दुकानात ठिवून आलो. इकला तं तुमी भरून द्या." त्याचं रक्त घेऊन, तपासण्या करून दुसरी पिशवी गेली. संध्याकाळी निरोप आला, बाई शुद्धीवर आहे.

रक्तपेढीचे डॉक्टरसाहेब खोलीत आले. "खिल्लारे, म्हणजे संगणक उपयोगी पडला."

"पडला साहेब. नंबर त्याच्यातूनच भेटला."

ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मी गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याचा मला आजही अभिमान नाही.

बाहेर पायरीवर मी म्हणालो, "काका, मला वाचवायला असं बोलायला नको होतं."

"तुला?" ते म्हणाले. "तुझं काय, ग्रॅज्युएट हाय, कुठंबी लागशील. साहेबानं आज मशीन बंद केलं असतं अन् म्हणला असता, खिल्लारेच्या डोक्यात हाय सगळं. गेल्या आठवड्यात मला माझ्या जावयाचं नाव आठवलं न्हाई. दारात उभा होता पोरगा, अन् म्या त्याला 'या पाहुणे' म्हणून वेळ मारून नेली. मारोती आठवला ते नशीब. तू ते बराबर कर. माझ्यावर ठिवू नको."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः साहेबांकडं जाऊन सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली, नोकरी राहिली. प्रत्येक दात्याला आमचाच वेगळा क्रमांक दिला, तीच चावी केली. भरलेल्या चावीवर हात पडला तर प्रोग्रॅम थांबून विचारायचा. पण पुसलेलं परत मिळवायला ती फाईल उपयोगाची नव्हती. मग दर रविवारी आम्ही दोघं एसटीनं गावोगाव फिरलो, जिथं जिथं पी.पी. नंबर होते तिथं. पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले, आणि नंतर दोन वर्षांनी वारले. शेवटी त्यांना घरची माणसंही ओळखू येत नव्हती.

पहिला रविवार बाळापूरचा होता. दुकानाच्या ओट्यावर बसून काकांनी बोटं धरली. पाच नावं झाली, पाचही जण सापडले. सहावं बोट धरून ते थांबले. शेठला विचारलं, मारोतीला विचारलं, बाजारात चार जणांना विचारलं. कोणाला आठवेना. शेवटची गाडी लागली तेव्हा मी म्हणालो, "चला काका, राहू द्या. एक गेला."

"गेला काहून म्हणतो?" ते बसमध्ये चढता चढता म्हणाले. "तो हाय इथंच. आपुनच गेलो त्याच्यापासून."