शिवणीच्या लाकडाचं रशियन जहाज

टेबलावर दोन फोटो होते. मेजरसाहेब एकदा ह्याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"शेळके, हे एकच जहाज आहे असं तुम्हाला वाटतं?"

"मागणीच्या पत्रात तसं लिहिलंय, सर."

"पत्र कारकून टाइप करतो. मी तुम्हाला विचारतोय."

मी पुन्हा बघितलं. पहिला फोटो समोरून घेतलेला. टोकदार नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, तिच्यामागे एकामागे एक क्षेपणास्त्रं सोडायची यंत्रं, आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेला एक मनोरा. म्हणजे क्रूझर. क्रूझर म्हणजे तोफा आणि क्षेपणास्त्रं घेऊन लढणारं मोठं जहाज. दुसरा फोटो मागून, विमानातून घेतलेला. त्यात सपाट मैदानासारखा डेक आणि त्यावर दोन हेलिकॉप्टरं. म्हणजे विमानवाहू जहाज. दोन्ही फोटोंच्या पाठीमागे पेन्सिलीने एकच नाव होतं, 'मॉस्क्वा'.

"दोन असावीत, सर," मी म्हणालो.

मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. प्रोबेशन चालू होतं. साहेबांना जे ऐकायचं होतं तेच मी बोललो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ही गोष्ट त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली, बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता. नगरला लष्कराच्या एका छोट्या मॉडेल वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन होतो. आमच्याकडे रेकग्निशन मॉडेल बनत. शत्रूचा रणगाडा कुठला, मित्राचा कुठला, हे जवानाला लांबून, एका नजरेत कळायला हवं. त्यासाठी लाकडाच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती वर्गात ठेवतात. रणगाडे आम्ही डोळे मिटून केले असते. पण मुंबईच्या नौदलाच्या एका प्रशिक्षण शाळेतल्या कुणीतरी आमचं काम पाहिलं आणि एका रशियन जहाजाचं मॉडेल मागितलं. मुदत तीन आठवडे. नवा कोर्स सुरू व्हायच्या आत ते वर्गात हवं होतं. आमच्या वर्कशॉपमधल्या सहा माणसांपैकी समुद्र एकानेही पाहिलेला नव्हता. मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतचा. माझ्या लेखी मोठं पाणी म्हणजे भंडारदऱ्याचं धरण, तेही शाळेच्या सहलीत बघितलेलं.

मेजरसाहेब मूळचे रणगाड्यांवरचे. माणूस सरळ, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

"रणगाड्याच्या पाठीवर कुणी धावपट्टी बांधतं का? जहाज एक तर तोफांचं असतं, नाही तर विमानांचं. फोटोंची अदलाबदल झालीये. तुम्ही समोरच्या फोटोवरून क्रूझरचं ड्रॉइंग काढा. मागचा भाग नेहमीच्या क्रूझरसारखा घ्या. खात्रीसाठी मी मुंबईला पत्र टाकतो."

मी तीन दिवसांत ड्रॉइंग काढलं. एलेव्हेशन, म्हणजे बाजूने दिसणारं चित्र, आणि प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं. पुढचा भाग फोटोवरून, मागचा एका जुन्या पुस्तकातल्या ब्रिटिश क्रूझरवरून. मागे निमुळता होत गेलेला, त्यावर दोन तोफा. खाली सही केली. ड्रॉइंग देखणं झालं होतं. ते घेऊन मी गंगाराम मिस्त्रींकडे गेलो.

गंगाराम मिस्त्री जामखेडकडचे. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कानावर कायम पेन्सिल. गावाकडे घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मिस्त्री एकटे इथे रोजंदारीवर होते. त्यांना कायम करायची फाईल मेजरसाहेबांच्या टेबलावर होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींनाही.

जहाजासाठी त्यांनी अकोले तालुक्यातला शिवणीचा एक ठोकळा राखून ठेवला होता. शिवण हे कोरीव कामाचं लाकूड. हलकं, सरळ, वाळल्यावर पीळ न पडणारं. एवढा लांब आणि पुरता वाळलेला ठोकळा आमच्याकडे एकच होता. जहाजाच्या दोनशे फुटांना आमचा एक फूट, या मापाने मॉडेल तीन फुटांहून थोडं मोठं होणार होतं.

मिस्त्रींनी ड्रॉइंग बघितलं. मग म्हणाले, "फोटू दावा."

मी दोन्ही फोटो दिले. ते घेऊन ते दारात उजेडाला जाऊन बसले. अर्ध्या तासाने मी गेलो तर त्यांच्या हातात माझाच कंपास होता.

"भाऊसाहेब, ह्या लाकडाला मी मागनं करवत लावनार न्हाई."

"का?"

"ह्ये एकच जहाज हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. मनोऱ्याच्या माथ्यावर एक मोठा जाळीदार रडार होता. त्यावर त्यांनी कंपासचं टोक ठेवलं.

"ह्ये सूप बघा. हितं समोरून दिसतंय, आन् ह्या दुसऱ्या फोटूत, त्या मैदानाच्या पार पल्याड, भिताडावर पुन्यांदा त्येच सूप. मनोऱ्याच्या रुंदीत सूप किती बसतंय ते मोजलं. हितं साडेतीन. तितं बी साडेतीन."

"एकाच कारखान्याची दोन जहाजं असतील, मिस्त्री. रडार सारखा असू शकतो."

"असंल. मग ह्ये काय हाय?"

पहिल्या फोटोत, मनोऱ्याच्या मागे, डावीउजवीकडे दोन बारीक करड्या पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. मी त्या आधीच पाहिल्या होत्या. छपाईचा डाग समजून ड्रॉइंगमधून वगळल्या होत्या.

"जहाज मागं रुंद हुतंय," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या चित्रात त्ये मागं निमुळतं हाय. ह्या पट्ट्या तुमी का काढल्या न्हाईत?"

खरं कारण असं होतं की त्या पट्ट्या माझ्या क्रूझरमध्ये बसत नव्हत्या.

मी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुमचं मत की मिस्त्रींचं?"

"त्यांनी दाखवलं, सर. आता माझंही तेच आहे."

"आणि ड्रॉइंगवर तुम्ही सही केलीत ते कुणाचं मत होतं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मुंबईचं उत्तर येईपर्यंत ड्रॉइंग बदलायचं नाही. काम सुरू करा. मुदत पुढे जाणार नाही. आणि ठोकळा वाया गेला तर मला दोघांची नावं लिहून वर पाठवावी लागतील. रोजंदारीवरच्या माणसाने काम नाकारलं, हे फाईलवर कसं दिसतं ते तुम्हीच त्यांना समजावा."

मी परत आलो आणि मिस्त्रींना जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी बिडी पेटवली, अर्धी ओढून विझवली. त्यांच्या मनात घरची माणसं असणार.

"काम न्हाई म्हनलोय व्हय मी? मागनं करवत लावनार न्हाई म्हनलो. फुडचं अंग तुमच्या चित्रात बी त्येच हाय आन् फोटूत बी त्येच. फुडनं सुरू करतो. मागचं लाकूड हाय तसं ठिवतो. उत्तर येऊ द्या. निमुळतं करायला एक दिस लागतोय. पन एकदा तासलेलं लाकूड पुन्यांदा रुंद हुत न्हाई."

इतकी साधी गोष्ट मला किंवा साहेबांना सुचली नव्हती.

पुढचे बारा दिवस मला अजून आठवतात. वर्कशॉपवर पत्र्याचं छप्पर होतं, आत भट्टीसारखं तापायचं. मिस्त्री ओला पंचा डोक्यावर घेऊन काम करत. शिवणीच्या भुशाला एक फिका, गोडसर वास असतो. तो माझ्या शर्टांना लागला होता. नाळ आली, मग क्षेपणास्त्रांची यंत्रं आली. ती मी पितळेच्या तारेची करून दिली. मग मनोरा एकेक पायरी चढत वर गेला. रडारसाठी मिस्त्रींनी चहाच्या गाळणीची जाळी कापली. जेवायच्या सुट्टीत आम्ही जहाजाच्या दोन्ही बाजूंना बसून भाकरी खायचो आणि ते मला त्यांच्या गावातल्या माणसांच्या चालण्याच्या नकला करून दाखवायचे. मनोऱ्यामागे मात्र नुसता ठोकळा होता. रुंद, सपाट, रंधा मारलेला. मुंबईचं उत्तर आलं नाही.

तेराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, पांढऱ्या गणवेशातला एक लेफ्टनंट दारात उभा राहिला. ज्या शाळेने मॉडेल मागितलं होतं तिथलाच तो शिक्षक. अलिबागचा मराठी मुलगा, माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा असेल. पुण्याला काही कामासाठी आला होता, तसाच पुढे नगरला आला. साहेबांचं पत्र त्याला मिळालंच नव्हतं. साहेब त्याला घेऊन आत आले. मी आणि मिस्त्री उभे राहिलो.

लेफ्टनंटने मॉडेलभोवती एक फेरी मारली. खाली वाकून समोरून बघितलं. मागे जाऊन बघितलं. शेवटी साहेबच म्हणाले, "मागचा भाग अजून व्हायचाय."

"व्हायचा कुठे, सर? झालाच आहे की," तो म्हणाला. "असंच आहे ते. हेलिकॉप्टरं ठेवली की संपलं. खालून थोडं तासून कडा बाहेर काढा, बस्स."

मिस्त्रींनी पंचाने तोंड पुसलं.

"म्हणजे हे एकच जहाज?" साहेबांनी विचारलं.

"एकच. पुढून क्रूझर, मागून हेलिकॉप्टरांचा तळ. रशियनांना समुद्रात पाणबुड्या हुडकायच्या आहेत, त्यासाठी हेलिकॉप्टरं हवीत. आणि ती घेऊन फिरणाऱ्या जहाजाला स्वतःचं रक्षण करायला क्षेपणास्त्रं हवीत. दोन जहाजं बांधण्याऐवजी त्यांनी एकातच बसवलं. म्हणून तर मॉडेल हवंय. आमची पोरं समोरून बघितलं की क्रूझर म्हणतात, मागून बघितलं की विमानवाहू म्हणतात. मागच्या परीक्षेत निम्मा वर्ग त्यात नापास झाला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग मिस्त्रींकडे.

"मागचं लाकूड ठेवायचं कुणी ठरवलं, हे त्यांना सांगा, शेळके."

मी सांगितलं. सुपाचं, साडेतीन पटीचं, करड्या पट्ट्यांचं. पट्ट्या मी वगळल्या होत्या हेही सांगितलं. लेफ्टनंटने मिस्त्रींशी हात मिळवला. त्यांच्या हाताला भुसा होता, म्हणून ते आधी मागे सरले होते. साहेब नंतर मला ऑफिसात म्हणाले, "मीही तुम्हाला उत्तर आधीच सुचवून प्रश्न विचारला होता. तेवढी माझी चूक." लष्करातल्या माणसाकडून नोकरीत मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी माफी.

मुदतीच्या दोन दिवस आधी मॉडेल तयार झालं. ते पोचवायला मी आणि मिस्त्री मुंबईला गेलो. लेफ्टनंटने आम्हाला गोदीत नेलं. तिथे आपल्या नौदलाचं एक जहाज धक्क्याला लागलेलं होतं. मी समुद्र बघत राहिलो. मिस्त्री जहाजाच्या नाळेखाली जाऊन उभे राहिले, मान वर करून, बराच वेळ.

"काय बघताय, मिस्त्री?"

"आपलं फुडचं टोक जरा उभंच झालं, भाऊसाहेब. ह्ये बघा कसं वरती फाकत जातंय. फोटूत त्ये दिसलं न्हाई."

परत जाऊन ते दुरुस्त करायची त्यांची तयारी होती. लेफ्टनंटने त्यांना कसंबसं थांबवलं.

मिस्त्री कायम झाले, पण दीड वर्षाने, आणि त्याचा या जहाजाशी काही संबंध नव्हता. सगळ्याच रोजंदारीवाल्यांना एकदम घेतलं. पुढे ते निवृत्त होऊन जामखेडला गेले. दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड यायचं, नातवाने लिहिलेलं. काही वर्षांनी यायचं थांबलं. रशियनांनी नंतर त्याच विचाराची आणखी मोठी जहाजं बांधली, विमानांसकट. त्यातलं एक बऱ्याच वर्षांनी, बरेच फेरफार होऊन, आपल्या नौदलात आलं. टीव्हीवर ते बघताना मी बायकोला म्हणालो, मिस्त्री हवे होते. ती म्हणाली, कोण मिस्त्री? मग तिला सगळं सांगत बसलो.

त्या उन्हाळ्यानंतर मी एकतीस वर्षं ड्रॉइंग काढली. जे फोटोत दिसत नाही तिथे तुटक रेघ मारून 'माहिती नाही' असं लिहायची सवय लावून घेतली. आणि जे दिसतं ते बसत नसलं तरी काढायची. एका वरिष्ठाने माझ्या गोपनीय अहवालात 'निर्णयक्षमता कमी' असा शेरा मारला. बढती चार वर्षं उशिरा मिळाली. मॉडेल मात्र चुकलं म्हणून एकही परत आलं नाही.